बी.कॉम. झालं, आता तेरजेखालच्या समायोजना कोण देणार?

कोरी_खतावणी

नमस्कार मंडळी. बी.कॉम. होऊन एक-दोन वर्षं झालेल्या मुलामुलींना शिक्षणाबद्दल विचारलं की फिरून तीच तीन वाक्यं ऐकू येतात. 'कॉलेजात शिकलेलं काहीच कामाला आलं नाही.' 'टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास केला, सर्टिफिकेट मिळालं, तरी पहिल्या महिन्यात रोज बोलणी खाल्ली.' 'हे आधी कोणी सांगितलं असतं तर शेवटचं वर्ष वाया गेलं नसतं.'

मला तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दोन तास मार्गदर्शन करायचं आहे, म्हणून अकाउंट्सच्या कामात मुरलेल्यांना तीन प्रश्न:
१. टॅली येत असूनही नेमकं कुठे अडतं?
२. डिग्रीतलं खरंच काहीच उपयोगी पडत नाही का?
३. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी परीक्षेच्या आसपासच्या चार-सहा महिन्यांत काय करावं?

'आत्मविश्वास वाढवा, इंग्रजी सुधारा' या छापाची उत्तरं कृपया नकोत. ती भिंतीवरच्या पोस्टरवर आहेतच.

रोजकीर्द

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

क्लासमध्ये व्यवहार वाक्यात मिळतो: 'अमुक ट्रेडर्सकडून १०,००० रुपयांचा माल उधारीवर घेतला, जीएसटी १८ टक्के.' ऑफिसात वाक्य मिळत नाही, कागद मिळतो. तोही कधी तेलकट, कधी व्हॉट्सॲपवर आलेला आडवा फोटो. कागदावरून वाक्य तयार करायचं काम क्लासमध्ये कोणी करून घेत नाही, आणि खरी नोकरी तिथेच असते. एफ९ खरेदी, एफ८ विक्री, एफ५ पेमेंट, एफ७ जर्नल हे आठवड्याभरात बोटांना बसतं.

खरेदीचं बिल हातात आलं की आधी त्यावर आपल्या फर्मचा जीएसटी नंबर आहे का ते बघायचं, रक्कम नंतर. नुसतं मालकाचं नाव असेल तर समोरचा ती विक्री किरकोळ ग्राहकाची म्हणून दाखवतो आणि आपल्याला क्रेडिट (खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करणं) मिळत नाही. मग समोरच्याच्या नंबरातले पहिले दोन अंक बघायचे. २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, २९ कर्नाटक, ३० गोवा. पुढचे दहा म्हणजे त्याचा पॅन. गुजरातहून आपल्या गोदामात माल आला तर बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) हवा. सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचे कर) लावलेलं असेल तर बिल परत पाठवायचं, 'रक्कम तेवढीच तर आहे' म्हणून चढवायचं नाही.

याच जागी एक फसवं बिल हमखास येतं. साहेब सुरतेला हॉटेलात राहिले. बिलावर आपला २७ वाला नंबर आहे, कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा आहे. नवखा ते क्रेडिटला टाकतो. पण हॉटेलच्या बाबतीत सेवा जिथे इमारत आहे तिथे दिली असं धरतात, म्हणून तो कर गुजरातचा. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. सगळी रक्कम प्रवासखर्चात.

दुसरी अडण्याची जागा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर. एकट्याचा व्यवसाय असलेल्या कंत्राटदाराचं बिल: काम ५०,०००, जीएसटी ९,०००, एकूण ५९,०००. टीडीएस १ टक्का. निम्मे जण ५९० कापतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ रकमेवर, म्हणजे ५००. नोंद अशी: खर्च ५०,००० नावे, सीजीएसटी ४,५०० नावे, एसजीएसटी ४,५०० नावे, कंत्राटदार ५८,५०० जमा, देय टीडीएस ५०० जमा.

आणि हे ५०० पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे. मे महिन्यात कापलेले ८ जूनला भरले तर उशीर एका दिवसाचा, पण व्याज दोन महिन्यांचं: मे आणि जून, दरमहा दीड टक्का, एकूण तीन. महिन्याचा तुकडासुद्धा पूर्ण महिना धरतात. पाचशेवर पंधरा रुपये म्हणजे काहीच नाही, पण पंधरा रुपयांसाठी नोटीस येते, आणि त्या नोटिशीला उत्तर देण्यात अर्धा दिवस जातो. वरिष्ठ चिडतात ते त्या अर्ध्या दिवसासाठी.

तिसरी जागा बँक. कार्ड मशीनवर १०,००० ची विक्री झाली, खात्यात ९,८२३ आले. नवखा विक्रीच ९,८२३ ची दाखवतो. मधले १७७ म्हणजे १५० कमिशन आणि त्यावरचा २७ रुपये जीएसटी. विक्री १०,००० चीच. १५० खर्च, २७ क्रेडिट (बँकेचं कर-बीजक असेल तर). असं महिनाभर चुकवलं की विवरणपत्रातली विक्री कमी दिसते.

आणि काय कळत नाही ते सस्पेन्स खात्यात टाकायची सवय! सस्पेन्स म्हणजे घरातला माळा. टाकताना सोपं, मार्चमध्ये उतरवताना धूळ कोणाच्या डोक्यावर पडते ते विचारू नका.

तेरीज_जुळेना

रोजकीर्द यांच्याशी सहमत, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी 'काहीच नाही' असं देऊ नये म्हणून घाईने लिहिते.

डिग्रीतला सर्वांत उपयोगी धडा म्हणजे अंतिम खाती (नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद). तोच मुलांना सर्वांत निरुपयोगी वाटतो, आणि त्याचं कारण प्रश्नपत्रिकेत आहे. परीक्षेत तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, ट्रायल बॅलन्स) दिलेली असते आणि तिच्याखाली समायोजना (वर्षअखेरीला करायच्या ॲडजस्टमेंट) छापलेल्या असतात: अदत्त वेतन २,०००, यंत्रावर घसारा १० टक्के, विम्याचा हप्ता तीन महिन्यांचा आगाऊ. मुलगा त्या प्रत्येकीचे दोन परिणाम बरोबर दाखवतो आणि गुण घेतो. ऑफिसात तेरीज मिळते, टॅली एका बटणावर देतं. खालच्या समायोजना कोणी छापून देत नाही. त्या शोधाव्या लागतात, आणि शोधायच्या कुठे हे तीन वर्षांत एकदाही विचारलेलं नसतं.

तर कुठे शोधायच्या? एप्रिल आणि मे महिन्याची बिलं घेऊन बसा. मार्चचं वीजबिल एप्रिलमध्ये येतं, तो मार्चचा अदत्त खर्च. फोन, सुरक्षारक्षक, ऑडिट फी, मार्चचा पगार हे तसंच. विम्याची पॉलिसी उघडा, पैसे भरल्याची तारीख सोडा आणि मुदत बघा. १ जानेवारी ते ३१ डिसेंबरची पॉलिसी असेल आणि हप्ता २४,००० असेल तर या वर्षाचे फक्त ६,०००, उरलेले १८,००० आगाऊ. 'दुरुस्ती' खातं उघडा आणि प्रत्येक मोठी रक्कम बघा. त्यात हटकून एखादा नवा कॉम्प्युटर लपलेला सापडतो. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक अकरावीत शिकवतात, पण टॅलीला तो कळत नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीत टाकला तरी ते 'ॲक्सेप्ट?' एवढंच विचारतं.

हल्ली आणखी एक समायोजना शोधावी लागते, ती जुन्या पुस्तकांत नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. मुदत उलटून ते ३१ मार्चला थकलेले राहिले तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, पैसे देऊ त्या वर्षी धरतात. म्हणून धनकोंची (ज्यांचे पैसे आपण देणं लागतो त्यांची) यादी नुसती रकमेची काढून भागत नाही. प्रत्येकाची उद्यम नोंदणी आहे का, आणि बिलाला किती दिवस झाले, हे दोन रकाने जोडावे लागतात. ज्याला 'धनको' म्हणजे काय हे पक्कं कळलंय त्याला हे दहा मिनिटांत समजतं. ज्याने फक्त शॉर्टकट पाठ केलेत त्याला नाही.

मुलांचं 'काहीच कामाला आलं नाही' हे वाक्य मला निम्मं खरं वाटतं. शिकवलं होतं, फक्त अर्धा प्रश्न कॉलेजच सोडवून देत होतं.

सेल_ए१

एक्सेलबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून.

बायोडेटावर सगळे 'एमएस-सीआयटी, एक्सेल येतं' लिहितात. अकाउंट्समध्ये एक्सेल येतं का हे एका कामावरून कळतं: जीएसटीच्या २बी शी आपलं खरेदीपत्रक जुळवणं. २बी म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होते.

१. पोर्टलवरून २बी आणि टॅलीतून खरेदीपत्रक, दोन्ही एका फाइलमध्ये वेगवेगळ्या शीटवर आणा. मूळ शीट तशाच ठेवा, काम प्रतीवर करा.

२. बिल नंबर स्वच्छ करा. गोंधळाचं मूळ नव्वद वेळा इथेच. पुरवठादाराने '०२३/२५-२६' लिहिलंय, आपल्याकडे कोणी नुसतं '२३' टाकलंय. मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा 'ट्रिम'ने काढा, तिरक्या रेघा आणि आडव्या रेघा 'सबस्टिट्यूट'ने. मजकूर म्हणून साठलेला आकडा (कोपऱ्यात हिरवा त्रिकोण) आणि खरा आकडा एक्सेलला वेगळे वाटतात. दोन्हीकडे एकच प्रकार करा.

३. जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक किल्ली-रकाना करा. नुसत्या बिल नंबरवर जुळवू नका, '१०१' नंबरचं बिल दहा जणांचं असतं.

४. लुकअप (किल्लीवरून दुसऱ्या शीटमधली ओळ शोधणारं सूत्र) लावण्याआधी 'काउंटइफ' लावून किल्ली दोनदा आली आहे का बघा. एकाच बिलात ५ आणि १८ टक्क्यांचा माल असेल तर दोन ओळी येतात, आणि व्हीलुकअप पहिलीच ओळ उचलून गप्प बसतं. अशा ठिकाणी 'समइफ्स'ने बेरीज जुळवा.

५. फरक एक रुपयाच्या आत असेल तर जुळलं धरा, ते राउंड-ऑफ असतं.

शेवटी तीन ढीग पडतात. जुळलेली बिलं, ती बाजूला. आपल्याकडे आहेत पण २बी मध्ये नाहीत: क्रेडिट या महिन्यात घ्यायचं नाही, पुरवठादाराला कळवायचं. २बी मध्ये आहेत पण आपल्याकडे नाहीत: एकतर बिल कोणाच्या तरी खणात पडलंय, नाहीतर दुसऱ्याचं बिल चुकून आपल्या नंबरावर आलंय. ते डोळे मिटून चढवणं हा शुद्ध आळस. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस (इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम) आलंय, तिथे अशी बिलं नाकारता येतात किंवा प्रलंबित ठेवता येतात.

पुरवठादाराला निरोप पाठवायचा तर बिल नंबर, तारीख, रक्कम, आणि काय हवंय ते कोणत्या तारखेच्या आत. चार ओळी, मराठीत चालतात. 'प्लीज डू द नीडफुल' वाचून आजवर कोणी बिल अपलोड केलेलं नाही.

कोरी_खतावणी

फार उपयोगी पडतंय. दोन गोष्टी राहिल्या. नव्या अभ्यासक्रमात ऑन-द-जॉब ट्रेनिंग आलंय, पण बरेच जण ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून आणतात. ते नीट कसं करावं? आणि पगाराबद्दल मुलांचा पहिला धक्का असतो, 'वीस हजार सांगितले आणि हातात सोळा आले.' फसवणूक असते का?

महिनाअखेर

ट्रेनिंगचं सांगतो. अभ्यासक्रमातले चार क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास. सगळे जण दिवसाला आठ तास धरून पंधरा दिवसांत उरकतात. तिथेच चुकतं. अकाउंट्सचं काम महिन्याच्या चक्रात चालतं:

७ ला टीडीएस भरणा.
११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीची बिलं.
१४ ला २बी.
१५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा).
२० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचं सारांश विवरणपत्र) आणि कर भरणा.

(ही दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची. पाच कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तिमाही पर्याय घेता येतो. तेव्हा जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ ला आणि महाराष्ट्रात ३बी २२ ला.)

२१ तारखेला रुजू होऊन ५ तारखेला निघालेल्याला यातलं काहीच दिसत नाही. तो पंधरा दिवस फायलींना भोकं पाडतो आणि 'तिथे काही शिकवत नाहीत' म्हणतो. त्याऐवजी रोज तीन तास, चाळीस दिवस. सकाळचं कॉलेज असेल तर दुपारी सहज जमतं, आणि १ ते २० चं एक चक्र पूर्ण बघायला मिळतं.

जागा निवडताना मोठ्या नावापेक्षा सीए किंवा कर सल्लागाराचं छोटं ऑफिस बघा. मोठ्या कंपनीत एकच टेबल मिळतं, छोट्या ऑफिसात किराणा दुकान, ट्रान्सपोर्टवाला, डॉक्टर असे चार तऱ्हेचे अशील दिसतात. पहिल्याच दिवशी मागणी नेमकी करा: 'एका अशिलाचं एका महिन्याचं काम कागद येण्यापासून ३बी भरेपर्यंत मला करू द्या, पोर्टलवर सबमिट तुम्हीच करा.' हे बहुतेक ठिकाणी मान्य होतं, कारण त्यात त्यांचं काम होतं आणि पासवर्ड त्यांच्याकडेच राहतो.

जपायचं एवढंच की अशिलांचे कागद, पॅन, बँक स्टेटमेंट यांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये घ्यायचे नाहीत. अहवालात दाखवायला नावं आणि आकडे बदलून नमुना करा.

पदवीनंतर जागा मिळेपर्यंत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे. पदवीधराला दरमहा १०,००० विद्यावेतन, मुदत आधी सहा महिने होती, पुढे अकरा केली. त्यात कायम नोकरीचा शब्द नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तिथे कोणतं टेबल मिळतंय ते बघूनच जा; अकरा महिने आवक-जावक रजिस्टर लिहिलं तर पुढच्या मुलाखतीत दाखवायला काही नसतं.

पगारपत्रक

वीस आणि सोळाचा हिशेब. फसवणूक असेलच असं नाही, उदाहरण करून बघा.

कंपनीला पडणारा खर्च महिना २०,०००. मूळ पगार १२,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, शिवाय प्रशासन आणि विम्याचा मिळून एक टक्का: १,५६०. एकूण पगार २१,००० च्या आत असल्याने ईएसआय लागतो, कंपनीचा वाटा सव्वातीन टक्के. हे दोन्ही वीस हजारांतूनच जातात, म्हणून पगारपत्रकावर एकूण पगार साधारण १७,८६० दिसतो. त्यातून तुमचा पीएफ १,४४०, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १३४, आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १६,०८६. महिला असेल तर महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून १६,२८६.

तेव्हा मुलाखतीत 'पगार किती' असं न विचारता 'हातात किती, आणि पीएफ-ईएसआय भरता का' असं विचारा. हातात सोळा देऊन पीएफ भरणारा आणि हातात सतरा रोख देऊन काहीच न भरणारा यांत पहिला परवडतो: दोन्ही वाटे मिळून दरमहा २,८८० तुमच्या नावावर जातात, आणि ईएसआयमुळे दवाखान्याचं पाहिलं जातं. पीएफ कापतात पण भरत नाहीत अशीही ठिकाणं असतात. यूएएन (पीएफचा स्वतःचा कायमचा नंबर) चालू करून दोन महिन्यांनी पासबुक उघडून बघणं, एवढाच त्यावर उपाय.

व्यवसाय कराचं फेब्रुवारीचं गणित (२०० × ११ + ३०० = २,५००) पगाराच्या टेबलावरच्या मुलाखतीत विचारतात, म्हणून तेही लक्षात ठेवा.

तेरीज_जुळेना

रोजकीर्द, एक शंका. टीडीएसची कलमं मुलांना पाठ करायला सांगायची की नाही? आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात जुने १९२ (पगार), १९४सी (कंत्राट), १९४जे (व्यावसायिक फी) हे आकडेच राहत नाहीत.

रोजकीर्द

पाठ करायला सांगू नका. नव्या कायद्यात पगाराची कपात ३९२ मध्ये आणि बाकी बहुतेक सगळी ३९३ मधल्या तक्त्यांत गोळा केली आहे. कलमांचे आकडे घोकलेल्याची पंचाईत झाली. पण 'समोरचा कोण, काम कोणतं, मर्यादा ओलांडली का, दर किती, भरायचं कधी' या क्रमाने विचार करणाऱ्याला नवा तक्ता उलट सोपा वाटतो. ऑफिसात मात्र अजून बरीच वर्षं '१९४सी चं आहे' असंच बोलतील, त्यामुळे जुने आकडे ऐकून ओळखता आले तरी पुरे.

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर राहिलं होतं. घरी सराव करायला टॅलीचा शैक्षणिक मोड फुकट आहे. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखा टाकता येतात, म्हणून मुलं वैतागून सोडतात. त्यावर तोड अशी की खरी तारीख नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या टिपेत) लिहायची आणि नोंद १ ला करायची. कागद ओळखीच्या दुकानदाराकडून मागायचे: एका महिन्याची चाळीस-पन्नास खरेदी बिलं, एक बँक स्टेटमेंट, विक्रीचं बुक. नावं बदलायची. आधीच्या महिन्याच्या शिल्लक रकमांपासून सुरुवात करायची, कारण क्लासमध्ये ओपनिंग बॅलन्स कोणी टाकायला लावत नाही आणि पहिला फरक तिथेच निघतो. मग बँक जुळवणी पत्रक (आपलं बँक खातं आणि बँकेचं स्टेटमेंट यांचा मेळ), आणि शेवटी तेरीज_जुळेना यांनी सांगितल्या तशा पाच समायोजना स्वतः शोधायच्या.

चूक झाली की व्हाउचर डिलीट करायचं नाही, दुरुस्तीची नोंद करायची. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग ठेवावाच लागतो. कोणी, कधी, काय बदललं ते ऑडिटरला दिसतं.

एवढं तीन महिन्यांत होतं. बायोडेटावर 'टॅली येते' ऐवजी 'एका महिन्याच्या ५० बिलांच्या नोंदी, बँक जुळवणी आणि २बी जुळवणी केली आहे' असं लिहा आणि फाइल सोबत न्या. मुलाखत घेणारा बहुधा तुमचा जुळवणी तक्ता उघडेल आणि न जुळलेल्या ओळींवर बोट ठेवून विचारेल, 'हे का राहिलं?' त्या ओळींची कारणं शेजारच्या रकान्यात आधीच लिहून ठेवा.

कोरी_खतावणी

मार्गदर्शनाच्या दोन तासांत भाषण रद्द. दहा बिलांच्या झेरॉक्स वाटते, सुरतेच्या हॉटेलचं त्यात नक्की घालते. नमुन्याची २बी फाइल कोणाकडे नावं बदललेली असेल तर इथे टाका.

सेल_ए१

रात्री टाकतो. साठ ओळींची आहे, सात जाणूनबुजून चुकवल्या आहेत. कोणत्या ते सांगणार नाही.